चोरांची श्रेणी (व्यवसायाचा संघ): इतिहास की लेखकांची सोय?

निशाचर:
कल्पित नगर म्हटलं की चोरांचा संघ आलाच. मुख्यालय, वर्गणी, शिकाऊ उमेदवारी. इंग्रज विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेटच्या अंख-मॉर्पोर्क या कल्पित नगरात तर लुटल्याची पावतीही मिळते! गंमत म्हणून ठीक, पण इतिहासात असं काही नव्हतं. श्रेणी उजळ माथ्याने चालते. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे: विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव. चोरांकडे ठेव कोण ठेवेल? आणि बुडाली तर दाद कुणाकडे मागायची?

कुलूपकाठी:
प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरस वाचा. इजिप्तबद्दल त्याने लिहिलंय की चोर आपल्या मुखियाकडे नाव नोंदवत, चोरलेला माल त्याच्याकडे आणून देत. मालकाने काय, कुठून, केव्हा गेलं ते लिहून द्यायचं आणि चौथा हिस्सा मोजून वस्तू सोडवायची. आणखी काय हवं? आपल्याकडे तर चोरीचं शास्त्र होतं. मृच्छकटिक या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक गुरूला वंदन करून भिंत फोडतो.

निशाचर:
डायोडोरसचं ते ऐकीव. आणि शर्विलकाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! मापाची दोरी विसरला म्हणून जानव्याने भिंत मोजणारा हा गडी (काय प्रसंग आहे तो!) येतो एकटा. चोरी कशासाठी, तर प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायला. हिस्सा कुणाला देत नाही. शास्त्र आहे, गुरू आहे, संघ कुठाय?

तिऱ्हाईत:
दोघंही चोरावरच अडलात. माल घेणाऱ्याकडे बघा. लंडनचा जोनाथन वाइल्ड चोरांकरवी माल मिळवायचा आणि ‘शोधून दिला’ म्हणून मालकाकडून पैसे घ्यायचा. जो चोर ऐकणार नाही त्याला पकडून फाशी. म्हणजे दाद मागायची ती सरकारी न्यायालयातच, फक्त दोरी याच्या हातात. चोराला पकडून न देता असं बक्षीस घेणं हा कायद्याने गुन्हा ठरला होता, त्यातच तो अडकला आणि १७२५ साली स्वतः फासावर गेला.

निशाचर:
बघा, एकाच माणसाचं दुकान. तो गेला, दुकान मिटलं.

कुलूपकाठी:
मग सोव्हिएत तुरुंग-छावण्यांतले ‘वोरी व झाकोने’, म्हणजे चोरांचा कायदा पाळणारे चोर, घ्या. नवा माणूस जुन्यांच्या बैठकीने मान्य करायचा, सामाईक गल्ला, तंटे आपापसांत सोडवायचे, सरकारची चाकरी करायची नाही. राजाशिवाय दाद मिळते ती अशी.

सावध:
जरा जपून. ‘अमुक लोक जन्मानेच संघटित चोर’ असं मानूनच इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा केला. तो १९५२ पर्यंत माणसांच्या मानेवर होता. कादंबरीत संघ शोभतो, पोलिसांच्या वहीत नाही.

निशाचर:
सावध, हे पटलं. कुलूपकाठी, वोरींबाबत अर्धी हार मानतो. अर्धीच, कारण त्यांना एकत्र कोंडून मुख्यालय बांधून दिलं ते सरकारने.