बाबांची पोटरी चालताना दुखते, १९ वर्षांची शुगर आहे, कुणाला अनुभव?

फोंड्याची_लेक: नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे, गोळ्या चालू, मागचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६ आलं. दोनेक महिने झाले, वरच्या बाजारातून सामान घेऊन येताना चढावावर उजवी पोटरी आवळून येते, मग कुठल्यातरी दुकानापाशी दोन मिनिटं उभे राहतात, दुखणं जातं, परत चालतात आणि तेवढंच अंतर गेलं की परत तेच. शेजारची मावशी म्हणते वय झालं, खोबरेल चोळ आणि रात्री गरम पाण्यात पाय ठेव. त्यात गेल्या सोमवारी मंगेशीला गेलो होतो, बाबा भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले, तळव्याला फोड आला आणि त्यांना पत्ताच नाही, घरी आल्यावर मला दिसला. हे नसांचं आहे काय? कुठे दाखवू?

म्हापसेकर७१: ताई गरम पाणी आजच बंद करा, प्लीज. माझ्या आईने असंच पाय बुडवले, पाणी किती कढत ते तिला समजलंच नाही, साल निघाली, मग जखम चिघळली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. आम्ही तीन आठवडे घरीच हळद लावत बसलो, ते आठवलं की अजून जीव तुटतो. फोड फोडू नका, उद्याच दाखवा.

पाय_सांभाळा: मी फिजिओ आहे, असे पेशंट रोज बघते. आपण सगळ्यालाच नस म्हणतो म्हणून घोळ होतो. फोड कळला नाही ते मज्जातंतूंचं, पण चालल्यावर दुखणं आणि थांबल्यावर जाणं हे बहुतेक पायाच्या रक्तवाहिनीचं, आतून अरुंद झाल्यामुळे चालताना स्नायूला लागतं तेवढं रक्त पोचत नाही. बाबांना दोन्ही असणार असं वाटतं आणि तेच जास्त वाईट, कारण जखम कळतही नाही आणि रक्त कमी म्हणून भरतही नाही. एबीआय टेस्ट करायला सांगा, घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, सुई नाही काही नाही. ०.९ च्या खाली म्हणजे अडथळा. पण जुन्या शुगरमध्ये वाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, आकडा १.४ च्या वर गेला तर खूश होऊ नका, तो खोटा असतो, मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर नाहीतर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, लागते. आणि पायात आहे तर हृदयातही असू शकतं, म्हणून ईसीजी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा सगळंच बघून घ्या. बाबा विडी-सिगरेट ओढतात का?

फोंड्याची_लेक: ओढतात. दिवसाला चार-पाच, आम्ही सांगून थकलो.

पाय_सांभाळा: मग डॉक्टरांसमोर ते आधी सांगा, लपवू नका, पायाच्या वाहिन्यांना ह्याच्याइतकं वाईट दुसरं नाही. आणि रात्री झोपेत पाय दुखून खाली सोडावासा वाटला, बोट काळंनिळं पडलं किंवा पाय एकदम गार झाला तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट बांबोळीला गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) कॅज्युअल्टी.

डिचोली_कडचो: आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या सर्व्हेत गोव्यात २६.४ टक्के लोकांना मधुमेह निघाला, देशात सगळ्यात जास्त, तरी पायाची तपासणी मागून घ्यावी लागते. माझे डॉक्टर सहा वर्षं फक्त रिपोर्ट बघायचे, बूट कधी काढायला सांगितलेच नाहीत. तुम्ही आत गेल्यावर बाबांचे सॉक्स स्वतःच काढा.

फोंड्याची_लेक: खूप आभार सगळ्यांचे. उद्या सकाळच्या बसने बांबोळीला नेते. गरम पाण्याचा टब मावशीला परत दिला.