फॉर्म ५५०० वर सही कोणाची? क्लायंट म्हणतो माझा पिन घे आणि तूच टाक

दांडियाबाजारकर:
मंडळी, मी बडोद्यात एका अकाउंटिंग ऑफिसात आहे, अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचे ४०१के प्लॅन (कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या बचतीचे) बघतो. ३१ जुलैची मुदत डोक्यावर आलीय, एका क्लायंटचा ५५००, म्हणजे प्लॅनचा सरकारला द्यायचा वार्षिक अहवाल, पूर्ण तयार आहे, फक्त सही अडलीय. मालक सुट्टीवर, आणि त्याने सरळ मेलवर ईफास्ट२ चा (हा फॉर्म ऑनलाइन भरायची सरकारी सिस्टिम) युजर आयडी नि पिन पाठवून दिला, म्हणे तूच सबमिट करून टाक. टीम लीड म्हणतो टाक की, सगळेच टाकतात. मला नाही बरं वाटत. शिवाय फॉर्मवर प्लॅन अॅडमिनिस्ट्रेटर (प्लॅनचा कारभार बघणारा) आणि एम्प्लॉयर अशा सहीच्या दोन जागा आहेत, इथे दोन्ही कंपनीच, मग दोनदा सही लागते का?

रात्रपाळी_इंदूर:
अजिबात टाकू नको. तो पिन म्हणजेच त्याची सही. खोटं निघालं तर शिक्षेला पात्र आहे असं कबूल करून तो माणूस सही करतो, आणि तू त्याच्या नावाने ते कबूल करणार? टीम लीड तेव्हा ओळखही दाखवणार नाही. दोन जागांचं म्हणशील तर दोन्ही एकच असतील तेव्हा अॅडमिनिस्ट्रेटरच्या जागी एक सही बास.

अलकापुरीची_ताई:
अरे मग प्रॅक्टिशनर सहीचा, म्हणजे ऑनलाइन सही आपल्या फर्मने करायचा रस्ता आहे ना, आमच्याकडे निम्म्या फाइली तशाच जातात. मालकाकडून लेखी परवानगी घ्यायची की या प्लॅनचं हे फायलिंग तुम्ही करा, नुसतं फोनवर हो म्हणालेलं चालत नाही, आणि ती परवानगी आपल्या रेकॉर्डला ठेवायची. मग भरलेल्या फॉर्मची प्रिंट काढून त्याने पेनाने सही करायची, स्कॅन करून पीडीएफ पाठवायचा, तो फायलिंगला जोडायचा आणि ईफास्ट२ वर तुमच्या फर्मचा जो माणूस सही करतो त्याने स्वतःच्या आयडीने करायची. मालकाला एक मात्र आधीच सांग, की त्या सहीचा फोटो लेबर डिपार्टमेंटच्या साइटवर सगळ्यांना दिसतो. आमचा एक क्लायंट नंतर कळल्यावर असा भडकला होता की विचारू नका.

दांडियाबाजारकर:
ताई हे आमच्या इथे कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्याला सही दिसायला नको असेल तर?

अलकापुरीची_ताई:
तर स्वतः लॉगिन करून सही करावी, नेट असेल तिथून होते. आणि कोणताही रस्ता घेतला तरी सगळ्या सह्यांसकट पूर्ण प्रत प्लॅनच्या रेकॉर्डमध्ये ठेवायलाच लागते, ऑनलाइन भरलं म्हणून ते सुटत नाही.

रात्रपाळी_इंदूर:
वेळ कमी वाटत असेल तर ३१ च्या आत ५५५८ (मुदतवाढीचा फॉर्म) भरून टाक, कॅलेंडर इयरचा (जानेवारी ते डिसेंबर) प्लॅन असेल तर १५ ऑक्टोबर मिळते, आणि ५५०० च्या मुदतवाढीला त्या फॉर्मवर सहीची भानगडच नाही. २०२५ पासून तो ईफास्ट२ वरही भरता येतो. सही नसलेला ५५०० ढकलू नको, तो नाकारला जाऊ शकतो आणि उशीर धरला तर आयआरएसचाच (अमेरिकेचं टॅक्स खातं) दंड दिवसाला २५० डॉलर, लेबर डिपार्टमेंटचा वेगळा.

दांडियाबाजारकर:
१५ ऑक्टोबर म्हणजे बहुतेक ऐन गरब्यात, नको रे बाबा. मालकाला मेल टाकलाय की पिन बदल आणि फॉर्म सही करून पाठव. लीड तोंड वाकडं करून बसलाय, बसू दे.