लॉरा १.८ टीएसआय: कोन फिल्टर, ब्लो-ऑफ आणि बूस्ट व्हॉल्व्ह, आधी काय करू?

विक्रोळीकर
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत २०११ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय घेतली. मॅन्युअल गिअर, सेकंडहँड, ८४ हजार किमी. रोज विक्रोळी ते लोअर परळ, महिन्यातून एकदा गावी साताऱ्याला. गाडी मनापासून आवडते, पण ऐकून होतो तशी टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) ओढ मला जाणवत नाही. खोपोलीनंतर बोरघाट चढताना ३००० आरपीएमच्या पुढे दम सोडल्यासारखी वाटते. एकदा इंजिनचा दिवा लागला होता, दुसऱ्या दिवशी आपोआप गेला.

एका गॅरेजवाल्याने तीन कामं सुचवली आहेत. उघडा कोन फिल्टर (डब्याशिवाय बसवायचा शंकूसारखा हवेचा फिल्टर), टर्बोची हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, आणि बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब सांभाळणारा कंपनीचा एन७५ व्हॉल्व्ह काढून हाताने पिळायचा बूस्ट कंट्रोलर. रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलणं, नंतर. कुठून सुरुवात करू? मुंबईत ही कामं नीट करणारे लोक कसे ओळखायचे?

पार्लेकर
ब्लो-ऑफ नको. आवाज मिळेल, ताकद मिळणार नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

घाटरस्ता
विक्रोळीकर, तुम्ही जे लिहिलंय ते मॉडिफिकेशनचं नाही, दुरुस्तीचं काम वाटतंय. मी बारा वर्षं या इंजिनांवर काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बिघाडाचा कोड वाचून घ्या. दिवा गेला तरी कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) राहिलेला असू शकतो. पी०२९९ निघाला तर अर्थ असा, की ईसीयूने जेवढा बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही. तसं असेल तर हवा कुठून तरी निसटतेय.

पहिला संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर. तुम्ही भरधाव असताना पाय उचलता, थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) मिटतो, पण टर्बो अजून हवा दाबतोच आहे. ती हवा उलटी फिरून कंप्रेसरच्या चाकावर आदळू नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तिला परत इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) बाजूला सोडतो. तुमच्या गाडीत तो टर्बोच्या अंगावरच बसलेला आहे, विजेवर चालतो, तीन बोल्टवर. जुन्या प्रकारात आत रबरी पडदा असतो. टर्बोच्या उष्णतेने तो कडक होतो आणि चिरतो. मग बूस्ट चढू लागला की हवा त्या चिरेतून मागे पळते. खालच्या आरपीएमला काही कळत नाही, लोड आला की गाडी मलूल. तुमचा घाटाचा अनुभव तंतोतंत हाच आहे. गाडी लिफ्टवर घेऊन खालून तो काढा आणि उजेडात धरून बघा. बदलायचाच झाला तर पडद्याऐवजी पिस्टन असलेला ओरिजिनल घ्या.

आता एन७५. त्याला तीन तोंडं. एकीकडून टर्बोचा दाब येतो, दुसरीकडून वेस्टगेटच्या (एक्झॉस्टला टर्बोच्या बाजूने वाट देणारी झडप) डब्याला जातो, तिसऱ्याने जास्तीचा दाब इनटेकमध्ये सोडला जातो. ईसीयू सेकंदाला अनेकदा तो उघडबंद करतो. दाब इनटेककडे सोडला की वेस्टगेट मिटलेलं राहतं आणि बूस्ट चढतो, डब्याला दिला की वेस्टगेट उघडतं आणि बूस्ट उतरतो. म्हणजे बूस्ट किती हवा हे ईसीयू क्षणोक्षणी ठरवतो: इंजिन किती तापलंय, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) होतंय का, आत येणारी हवा किती गरम आहे, सगळं बघून. हाताने पिळायचा कंट्रोलर यातलं काही बघत नाही. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभी राहिलेली गाडी आणि पहाटे चारला एक्स्प्रेस वेवर धावणारी गाडी, दोन्हींना तो सारखाच बूस्ट देणार. नशीब चांगलं असेल तर ईसीयू पी०२३४ (बूस्ट जास्त झाल्याचा कोड) टाकून गाडी लिंप मोडमध्ये (ताकद मर्यादित ठेवून) नेईल. नसेल तर पिस्टन जाईल. माझ्याकडे अशी एक गाडी टोइंग व्हॅनवर आली होती, चौथ्या सिलिंडरचा पिस्टन रिंगजवळ तुटलेला. मालक पंचवीस वर्षांचा मुलगा, सगळी शिल्लक त्या गाडीत घातलेली. त्याचा चेहरा अजून आठवतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतला टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारी साखळी) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, कच्चा आहे. कंपनीने नंतर सुधारित आणला. तुमच्या गाडीत कुठला आहे ते बघितल्याशिवाय बूस्ट वाढवायचा विचारही करू नका. थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड येते का, लक्ष द्या. चेन सरकली तर व्हॉल्व्ह वाकतात.

पनवेलकर
घाटरस्ता यांच्याशी बहुतेक सहमत. कोन फिल्टरबद्दल त्यांनी लिहिलं नाही, पण त्याला सरसकट वाईट म्हणू नये. माझ्या ऑक्टेव्हियाला बंद डब्यातला आहे, पुढच्या जाळीकडून थंड हवा घेणारा. टर्बोचा आवाज सुंदर येतो आणि वरच्या आरपीएमला मोकळी वाटते.

घाटरस्ता
पनवेलकर, बंद डब्यातला असेल तर माझी हरकत नाही. विक्रोळीकरांना सुचवलाय तो उघडा. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, शिवाय नॉकिंगचा धोका, मग ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. आवाज वाढतो म्हणून गाडी पळतेय असं वाटतं. स्टॉक इंजिनावर कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) पुरेसा आहे. आणि तेल लावायचे कापडी फिल्टर वापरणार असाल तर तेल बेताने. एअरबॉक्सनंतर हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल तर त्याच्या तारेवर तेल बसतं आणि रीडिंग बिघडतं.

त्याच सेन्सरमुळे बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफही नको. मोजून घेतलेली हवा तुम्ही बाहेर सोडता, ईसीयू मात्र ती आहे असं धरून पेट्रोल टाकतो. गिअर बदलताना गाडी झटका देते.

माहीमकर
मी पावसाबद्दल लिहिते, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या आधीच्या गाडीला इनटेकचा पाइप खाली, बंपरच्या आत नेऊन बसवला होता. थंड हवा मिळते म्हणून. जुलैमध्ये हिंदमाताजवळ पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. पुढून बस गेली, तिची लाट आली, फिल्टरने पाणी ओढलं आणि इंजिन जागेवर बंद. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन कनेक्टिंग रॉड वाकले. विमा कंपनीला इनटेक बदलल्याचं कळवलं नव्हतं, त्यामुळे क्लेमही अडला. मुंबईत राहणाऱ्याने इनटेकचं तोंड बंपरखाली कधीही नेऊ नये. कंपनीने ते वर ठेवलंय ते विचार करूनच.

पार्लेकर
कायद्याचंही लक्षात असू द्या. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्याच प्रकारचा खराब भाग बदलणं ही दुरुस्ती झाली, तिला अडचण नाही.

विक्रोळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माहीमकर ताई, वाचूनच पोटात गोळा आला. घाटरस्ता दादा, बूस्टचा लॉग (गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) कसा घ्यायचा ते सांगाल का? मित्राकडे व्हीसीडीएसची (गाडी लॅपटॉपला जोडून तपासायचं सॉफ्टवेअर) केबल आहे.

घाटरस्ता
इंजिन मेजरिंग ब्लॉक ११५ उघडा. त्यात मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी दिसतो, मिलीबारमध्ये. आकडा निरपेक्ष दाबाचा असतो. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे १००० च्या आसपास हवेचाच दाब. १६०० दिसलं तर बूस्ट साधारण ०.६ बार. पहाटे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४००० पर्यंत पूर्ण थ्रॉटल, वेगमर्यादा सांभाळून. मित्र शेजारी बसून लॅपटॉप बघेल, तुम्ही फक्त रस्ता बघा. दोन्ही आकडे जवळजवळ राहायला हवेत.

गॅरेज ओळखायचं तर एकच विचारा: काम करायच्या आधी आणि नंतरचा लॉग देणार का? टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग भरपूर मिळतात, पण डायव्हर्टर वापरलेला घेऊ नका. त्याचाही पडदा तेवढाच जुना असणार. आणि इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण किंचित उघडून बघा. जोराने ओढून धरलं असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारा व्हॉल्व्ह) पडदाही गेलाय.

विक्रोळीकर
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. कोड पी०२९९च निघाला. लॉगमध्ये मागणी १६५०, मिळत होतं १३८०. डायव्हर्टर काढला तर पडद्याला कडेने नखाएवढी चीर. नवीन पिस्टनचा बसवला. स्मोक टेस्टमध्ये (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारा) पाइपची एक क्लिपही सैल निघाली. आता मागणी आणि मिळकत यांत २५-३० चा फरक राहतो.

परवा आईला घेऊन साताऱ्याला गेलो. बोरघाटात तिसऱ्या गिअरवर गाडी अशी चढली की आई म्हणाली, "इंजिन बदललंस का रे?" तिन्ही कामांपैकी एकही केलं नाही. पीसीव्ही ठीक आहे. थंड इंजिन चालू करताना मात्र दोनदा हलकी खडखड ऐकू आली, म्हणून शनिवारी टेन्शनर तपासायला देतोय.

घाटरस्ता
छान काम केलंत. शनिवारपर्यंत गाडी कमीत कमी चालवा, आणि उभी करताना गिअरमध्ये टाकून सोडू नका, हँडब्रेक पुरेसा आहे. उतारावर गाडी किंचित मागे सरकली तरी चेनवर उलटा ताण येतो. टेन्शनर जुना निघाला तर चेन आणि गाइडसकट बदला. फोटो टाका, बघतो.