अनुभव धागा : दुकानातून आयता घेतलेल्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवताना

पडवीतला वाचक

परवा सांगलीहून भाच्याने एक छायाचित्र पाठवले. त्याच्या वडिलांनी आयता घेतलेला ब्रँडेड संगणक जमिनीवर उघडा पडला होता, शेजारी पडद्यावरचे चित्र तयार करणारे, तीन पंख्यांचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड होते आणि खाली एवढेच लिहिले होते, ‘मामा, हे आत जात नाही.’ कार्डाचे टोक हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडत होते. ते पाहून मला २००२ साल आठवले.

आमच्या घरीही तेव्हा ब्रँडेड संगणक होता. बाबांनी तो हप्त्यांवर घेतला होता आणि आईने त्याला क्रोशाचे आच्छादन विणले होते. आत इंटेलचा ८१० चिपसेट होता, म्हणजे पडद्यावरच्या चित्रासाठी लागणारी मेमरी मुख्य रॅममधूनच घेतली जाई, आणि मुळात रॅमच ६४ एमबी होती. वर्षभर साठवलेले पैसे घेऊन मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, संगणकाच्या भागांच्या बाजारात गेलो, तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डांसाठीच्या खास एजीपी स्लॉटात बसणारे कार्ड घेतले, आणि रात्री कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर एजीपीचा तपकिरी स्लॉट कुठे दिसतो का, हे बॅटरीच्या उजेडात शोधत बसलो. होते ते सगळे इतर कार्डांसाठीचे पीसीआयचे पांढरे स्लॉट. ८१० चिपसेटमध्ये एजीपी स्लॉटची सोयच नसते, हे मला दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून कळले. त्याने दोनशे रुपये कापून कार्ड परत घेतले आणि त्याऐवजी १२८ एमबी रॅम दिली. घरी मी सांगितले की मी रॅम आणायलाच गेलो होतो. बाबांना ते पटले की नाही, हे त्यांनी कधी कळू दिले नाही.

आपणही असा उद्योग केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. भाच्याला वाचायला द्यायचे आहे.

खटपट्या

पिंजरा नंतर पाहता येईल, भाच्याला आधी एसएमपीएसवरचे, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या पेटीवरचे, लेबल वाचायला सांगा. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॉट घेते आणि उत्पादक त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवतात. आयत्या संगणकात तेवढा मोठा एसएमपीएस सहसा देत नाहीत, कारण कंपनीने हिशेब केलेला असतो तो मूळच्या भागांपुरता.

मी कार्यालयातून निघालेला एक रिफर्बिश्ड संगणक घेतला होता आणि त्यात २४० वॉटचा एसएमपीएस होता. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, त्यापुढची वीज सहा पिनांच्या वायरीतून ७५ आणि आठ पिनांच्या वायरीतून १५० वॉटपर्यंत मिळते, आणि माझ्या एसएमपीएसमधून यांपैकी एकही वायर बाहेर येत नव्हती. त्यामुळे स्लॉटच्याच विजेवर चालणारे ७५ वॉटचे जीटीएक्स १०५० टीआय घेणे एवढाच मार्ग उरला. दुकानदाराने मात्र आधी त्याच नावाचे दुसरे कार्ड पुढे केले होते, ज्याचा वेग कारखान्यातच वाढवलेला होता आणि ज्याला सहा पिनांची वायर लागत होती. खोक्यावर नाव तेच आणि किंमतही जवळपास तीच होती. काउंटरवरच कार्ड बाहेर काढून त्याची कड पाहिली म्हणून वाचलो.

शंकासुर

एक बाळबोध शंका विचारतो. आपण सरळ मोठा एसएमपीएस का घातला नाही?

खटपट्या

शंका बाळबोध नाही, मीही तोच विचार केला होता. परंतु त्या मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनांऐवजी आठ पिनांचे स्वतःचे निराळे टोक होते, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस त्याला जोडता येत नव्हता. मध्ये लावायची वायर मिळते, ती मी मागवलीही. ती आल्यावर लक्षात आले की नवा एसएमपीएस त्या सडपातळ कॅबिनेटमधल्या जागेत मावतच नाही. ती वायर अजून माझ्या खणात आहे, कोणाला हवी असल्यास सांगावे.

ओसरीवरून

आमचे घोडे मॉनिटरपाशी अडले. तो २००९ सालचा आणि निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरीचा होता. कार्ड वरच्यासारखेच जीटीएक्स १०५० टीआय घेतले, आणि त्याला व्हीजीएची जागाच नव्हती. दुकानदाराने कार्डावरच्या डीव्हीआय या जोडणीला लावून व्हीजीए करणारे एक पांढरे टोक दिले, पण ते आत शिरेना, कारण त्याला कार्डावरच्या भोकांपेक्षा चार पिना जास्त होत्या. आमच्या यजमानांनी त्या पकडीने मोडून टाकाव्यात असे सुचवले आणि पकड आणलीसुद्धा. सुदैवाने धाकट्या दिराला फोन लागला. व्हीजीएचे लाल, हिरवा आणि निळा हे रंग नेमके त्याच पिनांतून जातात, आणि जीटीएक्सच्या १००० क्रमांकाच्या पिढीपासून कार्डातून तसा संकेत बाहेर पडणेच बंद झाले आहे, असे त्याने समजावले. शेवटी एचडीएमआयचे व्हीजीए करणारा, आत स्वतःची चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागला. मॉनिटर अजून तोच आहे आणि पकडही जागच्या जागी आहे.

शंकासुर

यजमानांना माझा नमस्कार सांगावा. आमच्या घरातही अशीच एक पकड आहे.

वऱ्हाडकर

यूपीएसचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. अकोल्यात माझ्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस होता, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट, आणि बॅटरी चार वर्षांची झालेली होती. कार्ड बसवल्यावर सारे उत्तम चालले, फक्त खेळ रंगात आलेला असताना वीज गेली की यूपीएस एकदाच ओरडे आणि संगणकासकट बंद पडे. महिनाभर मी कार्डालाच दोष देत होतो.

निशाचर

माझा अनुभव २०१३ सालचा आहे. विंडोज ८ सह आयता आलेला संगणक होता, आणि मित्राने त्याचे जुने पण चांगले चालणारे कार्ड मला दिले. ते बसवले, पंखा फिरू लागला, पडदा मात्र काळाच राहिला. कार्ड काढले की सारे पूर्ववत होई, म्हणून मी ते मित्राकडे परत नेले, तर त्याच्या संगणकावर ते निमूटपणे चालले! चार दिवस आम्ही दोघे एकमेकांच्या हातांवर संशय घेत होतो. खरे कारण असे निघाले की त्या काळातल्या नव्या संगणकांत सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, आधीच चालू करून दिलेली असे, आणि यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत येण्याआधीच्या धाटणीची कार्डे त्या व्यवस्थेत सुरुवातीचे चित्रच दाखवू शकत नसत. कार्ड काढून, मदरबोर्डच्या स्वतःच्या जोडणीवर मॉनिटर लावून, बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट बंद केले आणि जुन्या पद्धतीला परवानगी दिली, तेव्हा कुठे पडदा उजळला.

लेकुरवाळी

आमच्या मुलाने कार्ड स्वतः बसवले आणि मॉनिटरची वायर मात्र जुन्याच जागी, मदरबोर्डच्या जोडणीत ठेवली. आमच्या संगणकात ती जोडणी कार्ड लावल्यावरही चालू राहत असल्याने चित्र नेहमीसारखे दिसत होते. ‘आई, एवढे पैसे घालूनही काही फरक नाही,’ असे तो तीन महिने म्हणत होता. झाडताना वायर निघाली आणि मी ती चुकून कार्डात लावली, तेव्हा फरक पडला. याचे श्रेय मला अद्याप मिळालेले नाही.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीत वापरलेला डेस्कटॉप परतताना मी पुण्याला आणला. एसएमपीएसच्या पाठीमागे लाल रंगाची एक लहान सरकपट्टी असते आणि ती अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवरून आपल्याकडच्या २३० वर सरकवायची असते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही विसरलो. फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि सासूबाईंनी आधी मुख्य बटण बंद करून मग मला हाक मारली. बाकीचे भाग वाचले होते. त्या कॅबिनेटची घडण सर्वसाधारण मापाची असल्यामुळे बाजारातला ५०० वॉटचा एसएमपीएस नीट बसला, आणि आता एवढी वीज आहेच तर कार्डही घ्यावे, असे मीच मला पटवले. म्हणून माझ्या कार्डाची खरी किंमत विचारू नये.

दुरुस्तीवाला

पंधरा वर्षे या धंद्यात असल्याने दोन गोष्टी लिहितो. २०२१ मध्ये संगणकाकडून गणिते करवून आभासी चलन मिळवण्यासाठी कार्डे भराभर विकत घेतली जात होती, भाव इतके चढले होते की २०१६ सालचे १०५० टीआय पुन्हा बाजारात आणले गेले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने पद्धत बदलली, कार्डांवर ते चलन मिळवणे थांबले आणि अहोरात्र राबवलेली कार्डे स्वस्तात विकायला आली. ती सगळीच वाईट नसतात, परंतु पंखा हाताने फिरवून पाहावा आणि अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट स्लॉटच्या पिढीची. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्लॉटच्या सोळापैकी चारच मार्गिका, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, वापरते. नव्या, चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचे फारसे बिघडत नाही, पण जुन्या मदरबोर्डवर त्याच चार मार्गिका निम्म्या वेगाने चालतात. गिऱ्हाईक मग खेळ अडखळतो म्हणून माझ्याकडेच तक्रार घेऊन येते, आणि खोक्यावर तर हे कुठे ठळक लिहिलेले नसते.

पडवीतला वाचक

सर्वांचे आभार. भाच्याने लेबल वाचले, एसएमपीएस ३०० वॉटचा आहे आणि आठ पिनांची वायर नाही. त्याने आज ३०६० परत करून आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड आणले, जे ७० वॉट घेते आणि स्लॉटच्या विजेवरच चालते. दुकानदाराने दीड हजार रुपये कापले. कार्डाबरोबर लोखंडाची एक आखूड पट्टी आली आहे, ती कशाची असे तो विचारतो आहे.

खटपट्या

ती सडपातळ कॅबिनेटमध्ये कार्ड मागच्या बाजूला स्क्रूने बसवण्यासाठी असते. भाच्याचे कॅबिनेट उंच असेल तर कार्डावरची लांब पट्टी आहे तशीच राहू द्यावी. आखूड पट्टी आणि तिचे दोन स्क्रू खोक्यातच ठेवावेत आणि खोके कोणी रद्दीत घालणार नाही, याची व्यवस्था करावी.