पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांच्या भावाची माहिती कुठे मिळेल?

खेडची_वाट: पणजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याकडे (इराक) लढाईत गेला तो परत आलाच नाही, लग्नही झालं नव्हतं, घरात एवढंच माहीत. गाव खेड तालुक्यात. फोटो नाही, पत्र नाही, देव्हाऱ्यात राजाचं तोंड असलेलं चांदीचं मेडल आहे. आजी (वय ९१) अजून पितृपक्षात त्याच्या नावाने पान वाढते. तिच्या हयातीत काहीतरी कळावं. बजेट २ हजार, मे महिन्यात ४ दिवस सुट्टी.

दापोली_७२: लंडन गाठा. क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या (युद्धातल्या रोजच्या नोंदी) आहेत, मी मुलाकडे गेलो होतो तेव्हा ३ दिवस तिथेच बसलो होतो.

मालवणी_काकू: लंडन खंय रे, तो २ हजार म्हणता! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर फुकटात शोधता येतं. आडनाव टाकू नका, मी आडनाव टाकून २ वर्षं शोधत बसले आणि नोंद निघाली नुसत्या नावावर, खाली बापाचं नाव नि गाव, स्पेलिंग भलतंच. जिल्हा रत्नागिरीच टाका, तेव्हा आमचं मालवणपण त्यातच होतं, सिंधुदुर्ग १९८१ चा.

माणगावकर: बेळगावला जा, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. आमच्या पळसगावचे यशवंत घाडगे त्याच पलटणीचे, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दापोली_७२: ते दुसरं महायुद्ध हो.

माणगावकर: पलटण तीच ना. घाडगे ३/५ चे (पाचव्या मराठाची तिसरी बटालियन), ती म्हणजे जुनी ११० मराठा, १९२२ ला नंबर बदलले.

गुहागरी: सगळे मराठा पलटणीतच होते असं धरू नका. आमचे पणजोबा १११ महारमध्ये, ती १९१७ ला उभी राहिली. आमची माणसं कोणाच्या यादीत येत नाहीत म्हणून सांगतोय.

निवृत्त_तलाठी: आधी मेडलची कड बघा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण कडेवर कोरलेलं असतं. बॅटरी तिरकी धरा. आणि कृपा करून घासू नका, आमच्याकडे दर दिवाळीला रांगोळीने घासून घासून नाव पार गेलं.

रत्नांग्रीचा: बेळगावच. सगळं तिथे मिळेल.

खेडची_वाट: तलाठीकाका, आजीनेही घासलंय. पण काल रात्री कड दिसली. नाव अर्धंच उरलंय, पुढे ११० स्पष्ट आहे!!

दापोली_७२: मग कूतचा वेढा बघा, इराकात तुर्कांनी घातलेला. ११० तिथे होती. डिसेंबर १९१५ पासून अडकले, २९ एप्रिल १९१६ ला शरण आले. रेशन संपलं तेव्हा घोडे कापले, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस तोंडात घातलं नाही. तुमचा माणूस त्यातच होता की नाही ते नोंद सापडल्यावरच कळेल. या वयात आजीला भुकेचं सांगू नका.

मालवणी_काकू: हो, तिला नकोच सांगू.

खेडची_वाट: बेळगाव राहू दे. दिवा पॅसेंजरने आजीला गावी नेतोय, पडवीत बसवून तिच्या सासूने काय काय सांगितलं होतं ते रेकॉर्ड करणार. कूतचंही सांगितलं काल. बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली यंदा पानावर भात जास्त वाढ.