मासळी आणि चिरा एकाच हौद्यात: पिकअपला आतून कोणते अस्तर लावावे?

प्रश्न: दापोलीकर

नमस्कार मंडळी. दसऱ्याला नवी बोलेरो पिकअप घ्यायचे ठरले आहे. हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. मासेमारीच्या हंगामात हर्णै बंदरावरील सायंकाळच्या लिलावातून मासळीचे क्रेट बर्फासह भरायचे, एप्रिल-मे महिन्यांत मधूनमधून आंब्याच्या पेट्या न्यायच्या, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पाऊस उघडीप देईल तसा जांभा चिरा (बांधकामाचा जांभ्या दगडाचा ठोकळा) वाहायचा, असा आमचा वर्षाचा क्रम असतो. जुन्या गाडीचा हौदा वरून धडधाकट दिसत होता. मात्र विकण्यापूर्वी तळाला अंथरलेली रबराची चटई उचलली, तेव्हा फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बाजूचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात होता.

या वेळी सुरुवातीलाच बंदोबस्त करावा असा विचार आहे. फवारणीचे अस्तर, चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा जाड धातूचा पत्रा), जाड रबरी चटई आणि प्लास्टिकचा तयार साचा, असे चार पर्याय लोकांनी सुचवले आहेत. मासळीचे पाणी आणि चिऱ्याचा मार, दोन्ही सोसेल असे यांपैकी काय आहे? तसेच जून-जुलैमध्ये गाडीला काम कमी असते, तेव्हा हे काम त्या वेळी करून घेतले तर चालेल का?

उत्तर: पत्राकाम_कोल्हापूर

दापोलीकर, आपल्या जुन्या गाडीचा पत्रा चटईच्या खाली कुजला, या एका गोष्टीत बहुतेक उत्तर आले आहे. ओरखड्यामुळे रंग जातो. पत्रा खाल्ला जातो तो अस्तर आणि पत्रा यांच्या मध्ये अडकून राहिलेल्या खाऱ्या पाण्याने. उघड्या पत्र्यावरचे पाणी निदान उन्हाने वाळते, चटईखालचे मात्र दिवसचे दिवस तसेच राहते, आणि वाळले तरी मागे उरलेले मीठ पहिल्या दमट रात्री हवेतील ओल पुन्हा ओढून घेते. म्हणून कोणताही पर्याय पाहताना तो किती जाड आहे याआधी त्याच्याखाली पाणी शिरते का आणि शिरले तर बाहेर कोठून पडते, हे विचारावे.

या कसोटीवर प्लास्टिकचा साचा सर्वांत आधी बाद होतो. डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्स यांसारख्या गाड्यांसाठी असे साचे मिळतात. ते नुसते आत बसवलेले असतात. गाडीच्या कंपनाने कडेकडेला रंग घासला जातो आणि नेमक्या त्याच जागी खालून ओल धरते. आपल्या कामाला ते उपयोगाचे नाहीत. याच निमित्ताने एक सावधगिरी सांगून ठेवतो. साचा असो वा रबर, अशा अस्तरावर कॅन ठेवून त्यात पेट्रोल भरू नये. अस्तरामुळे कॅन जमिनीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेला राहतो, त्यात स्थिर विद्युतभार साठतो, आणि नोझल जवळ नेताना ठिणगी पडून आग लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कॅन खाली जमिनीवर उतरवूनच भरावा.

आपल्यासाठी पॉलियुरियाची (रबरासारख्या चिवट प्लास्टिकची) गरम फवारणी योग्य ठरेल. यात दोन घटक तापवून मोठ्या दाबाखाली बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांतच घट्ट होतात. थर पत्र्याला चिकटलेला असल्याने मध्ये पाण्याला जागाच उरत नाही. तळाला दोन ते तीन मिलीमीटर थर मागावा आणि काम झाल्यावर जाडी मोजण्याच्या यंत्राने तो चार-सहा ठिकाणी मोजून घ्यावा, कारण मधोमध जाड आणि कोपऱ्यांत पातळ मारण्याची खोड अनेकांना असते. बाजारात रोलरने लावायचे दोन डब्यांचे संचही मिळतात. त्यांचा थर एक मिलीमीटरच्या आतबाहेर राहतो. आंब्याच्या पेट्यांना तो पुरे, चिऱ्याला नाही.

खरखरीतपणाबद्दलही आधीच बोलून घ्यावे. कारागीर सहसा जाड दाण्याचा पोत देतात, कारण त्यावर क्रेट सरकत नाहीत. परंतु त्या दाण्यांत मासळीचा बुळबुळीत चिकटा आणि खवले अडकतात आणि कितीही धुतले तरी वास जात नाही. मासळीच्या गाडीला बारीक पोतच बरा.

उत्तर: चिरेखाणवाला

वरील सल्ला मासळीपुरता ठीक आहे. चिरा मात्र पंचवीस-तीस किलोंचा असतो, गडी तो अलगद ठेवत नाही, कोपऱ्यावर आपटतो आणि मग ओढतो. आमच्याकडील गाड्यांना तीन मिलीमीटरची लोखंडी चेकर प्लेट बसवलेली आहे आणि तळाला पोचा येण्याचा प्रश्नच राहिलेला नाही. फवारलेले अस्तर ओरखडे थांबवील, पोचा थांबवणार नाही. पत्रा दबला की त्या खळग्यात पाणी साचणारच, मग वर पॉलियुरिया असो की सोने.

उत्तर: पत्राकाम_कोल्हापूर

पोच्याबद्दलचा आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. प्लेटला माझा आक्षेप दोन कारणांसाठी आहे. पहिले कारण वजनाचे. तीन मिलीमीटरची लोखंडी चेकर प्लेट चौरस मीटरला सुमारे पंचवीस किलो भरते. दापोलीकरांच्या हौद्याचा तळ साडेचार चौरस मीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे केवळ तळाला एकशे पंधरा किलोंच्या आसपास बोजा कायमचा चढला आणि तेवढी मासळी प्रत्येक खेपेला कमी झाली. त्याच तळाला पॉलियुरियाचे वजन पंधरा किलोंपर्यंत जाईल. दुसरे कारण असे की चिरेखाणीवरच्या गाडीला खारे पाणी लागत नाही, या गाडीला रोज लागणार आहे. प्लेट वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडली तर टाक्याच्या खालचा रंग जळतो, रिव्हेट मारले तर भोके पडतात, आणि प्लेटखालच्या पन्हळींत मिठाचे पाणी जाऊन बसते. ॲल्युमिनियमची प्लेट हलकी असते हे खरे. परंतु ॲल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते, विशेषतः स्क्रूच्या भोवती.

म्हणून कायमचे अस्तर पॉलियुरियाचे ठेवावे आणि चिऱ्याच्या दोन महिन्यांपुरते त्यावर बारा मिलीमीटरच्या शटरिंग प्लायचे (स्लॅबच्या साच्याला वापरतात त्या प्लायवूडचे) दोन तुकडे नुसते टाकावेत, ठोकू नयेत. मार प्लाय खाईल. खेप संपली की दोन माणसे ते उचलून भिंतीला टेकवून ठेवतील आणि खालचा हौदा धुता येईल. प्लाय झिजला की नवा आणावा.

उत्तर: किनारी_कोटिंग

माझे काम बोटी आणि जेटीवरील लोखंडाच्या रंगकामाचे आहे, त्यामुळे केवळ पूर्वतयारी आणि वेळ यांविषयी लिहितो.

जून-जुलैमध्ये हे काम करू नये. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील ओल दव होऊन जमते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त असावे आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत असावी, हा आमच्या कामातील साधा दंडक आहे. कोकणात पावसाळ्यात तो पाळणे बंद आणि कोरड्या शेडशिवाय अशक्य असते. दुसरे असे की तोवर गाडीने हंगामभर मासळी वाहिलेली असेल. पत्र्याच्या जोडांत शिरलेले मीठ गोड्या पाण्याने पूर्ण निघाले नाही, तर ते अस्तराखालून ओल खेचते आणि फोड येतात; वरून अस्तर अखंड दिसते आणि आत गंज पसरत राहतो. गाडी ताब्यात आल्यावर पहिला क्रेट चढण्यापूर्वीच काम उरकावे. शक्य झाल्यास घाटावर, कोरड्या हवेत करावे.

नवी गाडी पाहूनही काही ठिकाणी «सँडब्लास्ट करून देतो» असे सांगतात. त्याला नकार द्यावा. कारखान्यात पत्रा रंगाच्या टाकीत बुडवून विद्युतप्रवाहाने जो प्रायमर बसवलेला असतो, तो जोडांच्या फटींतही पोहोचलेला असतो आणि तसा थर बाहेर कोणीही देऊ शकत नाही. वरच्या रंगाची चकाकी जाईल इतपत घासकागद मारणे, तेलकटपणा पुसणे आणि अस्तराला लागणारा प्रायमर देणे पुरेसे असते. दोरीचे आकडे आणि फाळका काढूनच फवारणी करायला सांगावे. फाळक्याच्या बिजागरीखालची जागा सर्वांत आधी सडते, कारण गाडी चढावर लागली की सारे पाणी तेथेच धावते.

दापोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फवारणी आणि वर सुटा प्लाय, असे निश्चित करतो. गाडी आल्यावर थेट कोल्हापूरकडे न्यावी लागेल असे दिसते. एकच शंका उरली आहे. अस्तर अखंड झाले, तर बर्फाचे पाणी हौद्यातच साचून राहणार नाही का? आणि चिऱ्यासाठी बाजूचे फाळके वीतभर उंच करून घ्यावेत असे आमचे बंधू म्हणतात, तेही याच वेळी करावे का?

उत्तर: किनारी_कोटिंग

फवारणीपूर्वी निचऱ्याच्या भोकांत बुचे बसवायला सांगावे आणि थर घट्ट झाल्यावर ती काढून भोकाच्या कडांवरही अस्तर वळले आहे याची खात्री करावी. उघडी राहिलेली कड म्हणजे गंजाला मोकळे दार. मात्र तेवढ्यावर थांबू नये. भोकातून पडणारे पाणी चासी, पाट्याच्या स्प्रिंगा आणि ब्रेकच्या नळ्या यांवर ठिबकते आणि हौदा वाचवताना खालची गाडी जाते. प्रत्येक भोकाला रबरी नळी जोडून ती मागच्या बाजूस एका कॅनमध्ये सोडावी. रस्त्यावर सांडणाऱ्या मासळीच्या पाण्याने दुचाकी घसरतात, तोही त्रास त्यामुळे वाचेल. कॅन बंदरावर रिकामा करता येतो. रोजची खेप संपली की हौद्याबरोबर खालूनही गोडे पाणी मारावे.

फाळके उंच करण्याचा विषय निराळा आहे. अस्तर ही गाडीच्या रचनेतील फेरफार मानली जाण्याचे कारण नाही. फाळके वाढवले तर मात्र नोंदणी पुस्तकातील तपशील बदलतो आणि मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 चा, म्हणजे गाडीतील फेरफारावरच्या बंधनाचा, प्रश्न उभा राहतो. शिवाय चिऱ्याला उंच फाळक्यांची गरजच नसते, कारण चिरा थोड्याच उंचीपर्यंत भरला की गाडीची वजनमर्यादा जवळ आलेली असते.