मदत हवी आहे: कॅसँड्रात गाड्यांची यादी अडकते, नेमकं काय मोजू?

नमस्कार मंडळी,

आर्वीकडच्या एका जिनिंगच्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. अपाचे कॅसँड्रा या डेटाबेसचे तीन नोड (सर्व्हर) आहेत: दोन नागपुरात, एक इथं ऑफिसात. रेप्लिकेशन फॅक्टर ३ (प्रत्येक ओळीच्या तीन प्रती), वाचणं-लिहिणं दोन्ही क्वोरमनं, म्हणजे तिघांपैकी दोघांचं उत्तर आलं की झालं.

भरलेली गाडी काट्यावर चढली की ‘रांग’ टेबलात ओळ पडते. कापूस खाली होऊन रिकाम्या गाडीचं वजन झालं, की काटापट्टी निघते आणि ती ओळ डिलीट होते. पार्टिशन की (कुठल्या ओळी एका गठ्ठ्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये, राहतील ते हिच्यावर ठरतं) म्हणजे फक्त केंद्र क्रमांक. काट्यावरची स्क्रीन ही यादी दर पाच सेकंदांनी वाचते.

दिवाळीनंतर खरेदी सुरू झाली तेव्हा यादी पटकन यायची. आता मध्येच अडकते, कधी सरळ टाइमआउट. लोक रात्रीपासून थंडीत गाडी लावून बसलेले असतात हो, त्यांना पट्टीसाठी आणखी ताटकळत ठेवणं जिवावर येतं.

डॅशबोर्डवर सरासरी वेळ छान दिसतो. पण ‘नोडटूल प्रॉक्सीहिस्टोग्राम्स’ या कमांडमध्ये वाचनाचा ५० टक्क्यांचा आकडा (निम्मी वाचनं एवढ्या वेळात होतात) ४ मिलिसेकंद आणि ९९ टक्क्यांचा दोन सेकंदांच्या वर! ऑफिसात सगळे नेटला दोष देतात. खरंच नेट आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
भाऊ, सरासरीवर जाऊ नका, ९९ टक्केच बघा. प्रॉक्सीहिस्टोग्राम्समध्ये दुसऱ्या नोडच्या उत्तराची वाटही धरलेली असते. ‘टेबलहिस्टोग्राम्स’ त्याच नोडवरचं वाचन दाखवतं. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असेल तर नेटवर संशय घ्या. दोन्ही मोठे असतील तर दुखणं टेबलातच आहे. मग सीक्यूएलएसएचमध्ये (कॅसँड्राची कमांड लाइन) ट्रेसिंग (क्वेरीच्या पायऱ्यांची नोंद) ऑन करून तीच क्वेरी चालवा.

मूळ लेखक
दोन्ही मोठे आहेत, तेही फक्त ‘रांग’ टेबलाचे. ट्रेसमध्ये जिवंत ओळी ३८, टूम्बस्टोन (डिलीटच्या खुणा) सहा हजारांच्या वर. बाकीची टेबलं ठणठणीत.

प्रतिसाद १
सापडलं मग. डिलीट केलेली ओळ लगेच जात नाही, खूण मागे राहते. जीसी ग्रेस, म्हणजे ती खूण किमान ठेवायची मुदत, मुळात ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. तेवढे दिवस गेलेल्या प्रत्येक गाडीची खूण त्याच पार्टिशनमध्ये साचते आणि यादी वाचताना सगळ्या ओलांडाव्या लागतात. पार्टिशन कीमध्ये तारीख घाला, म्हणजे रोज कोरं पार्टिशन. रात्री थांबलेल्या गाड्यांसाठी कालची तारीखही वाचा.

प्रतिसाद २
एक सांगतो, जीसी ग्रेस कमी करायच्या मोहात पडू नका. तुमच्याकडं लाइन गेली की ऑफिसातला नोड बंद. हिंट (बंद नोडसाठी राखून ठेवलेले बदल) मुळात तीनच तास साठतात. त्यापुढं नोड बंद राहिला आणि रिपेअर (नोडांवरच्या प्रती जुळवणं) होण्याआधी खुणा पुसल्या गेल्या, तर गेलेली गाडी पुन्हा रांगेत दिसेल. रिपेअर मात्र १० दिवसांच्या आत चालवत राहा.

मूळ लेखक
आभार दोघांचेही. रविवारी काटा बंद असतो, तेव्हा नवं टेबल चढवतो. ‘टेबलस्टॅट्स’मधला टूम्बस्टोनचा आकडा आणि ९९ टक्क्यांचा वेळ सोमवारी इथंच टाकतो.